घर विकून कॅरव्हॅनमध्ये राहायला जायचं ठरलंय, पण झोप लागत नाही

"घर विकून कायमचं कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला जायचं ठरलंय, सगळे म्हणतात किती नशीबवान आहात, मग माझ्याच पोटात गोळा का येतो?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच असते जिने आधी हो म्हणून टाकलेलं असतं.

अशाच एका जोडप्याबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. ते नुकतेच रिटायर झालेले, धाकटी मुलगी शिकायला बाहेर पडलेली, घर रिकामं वाटायला लागलेलं. नवऱ्याचा अभ्यास जबरदस्त होता, बॅटरी किती अँपिअर-अवरची हवी, सोलर पॅनल किती वॅटचे, पाण्याची टाकी किती लिटरची, सामान भरून गाडीचं एकूण वजन किती चालतं, सगळं वहीत लिहिलेलं. बाई बाजूला गप्प बसून होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला पण फिरायला आवडतं हो. पण रात्री जाग येते आणि वाटतं, मी आजारी पडले तर कुठे जाऊन पडू?" ते एकदम म्हणाले, "अगं मग तेव्हाच बोलायचं ना!" तर त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके खुशीत होतात."

इतके महिने त्यांना वाटत होतं की बायको प्रवासाला घाबरते. तसं नव्हतंच. बाईंना परत यायला जागा हवी होती आणि ते बोलायला तोंडच उघडत नव्हतं, कारण बोललं की नवऱ्याचं स्वप्न मोडल्याचं खापर आपल्यावर येणार.

मग मी तीन गोष्टी सुट्या केल्या. प्रवास करायचा का, गाडीत कायमचं राहायचं का, आणि घर विकायचं का. पहिल्याला दोघंही लगेच हो. दुसऱ्याला दोघंही जरा अडखळले, अगदी ते सुद्धा. तिसऱ्याला ते हो म्हणाले आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. लोक या तिन्हीची एकच मोट बांधतात आणि तिथेच घोळ होतो, कारण पहिल्या दोन गोष्टी नाही जमल्या तर थांबवता येतात, घर एकदा विकलं की तेच घर परत मिळणं जवळजवळ अशक्य, शिवाय कॅरव्हॅनची किंमत वापराबरोबर उतरत जाते आणि तेवढ्या काळात घरं महाग झाली असली तर परतीचा रस्ताच बंद होतो.

आणि पोटातला गोळा म्हणजे कमकुवतपणा नाही, हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली आणि प्रत्येकाला ताणाचे गुण दिले. त्यात रिटायर होणं ४५, पैशाच्या परिस्थितीतला बदल ३८, मूल घराबाहेर पडणं २९, राहणीमानातला बदल २५, घर बदलणं २०. या जोडप्याने हे सगळं एकाच वर्षात घ्यायचं ठरवलं होतं, बेरीज करा, १५७ होते! त्या यादीत सुट्टीवर जाण्यालाही १३ गुण आहेत, म्हणजे आनंदाच्या बदलाचाही ताण येतोच. यादी जुनी आहे आणि प्रत्येक माणसाला तशीच लागू पडेल असं नाही, पण ती बघून बाईंना रडूच आलं, "म्हणजे मला काही झालेलं नाहीये" असं म्हणाल्या.

पुढे काय केलं, तर आधी कॅरव्हॅन भाड्याने घ्या म्हटलं, आणि छान हवेत नको, पावसात किंवा थंडीत, चांगले काही आठवडे. काचांवर आतून ओल धरते, कपडे वाळत नाहीत, टॉयलेटची टाकी दर दोन-तीन दिवसांनी स्वतःच रिकामी करावी लागते, ते कोण करणार यावरून भांडण होतंच. भांडून उठून जायला दुसरी खोली नसते हे तर सगळ्यात मोठं. म्हणून रोज थोडा वेळ प्रत्येकाने एकट्याने बाहेर जायचं, रुसून नाही, ठरवून.

तोवर घर भाड्याने दिलं. मुलगी चिडली होती, "मला विचारलं पण नाही" म्हणून. तिची परवानगी लागत नाही पण तिची खोली तिने स्वतः येऊन आवरावी एवढा वेळ तरी द्यायला हवा, तो त्यांनी दिला.

कागदपत्रांचं पण बघून घ्या, बँक, लायसन्स, मतदान, डॉक्टर, सगळीकडे कायमचा पत्ता मागतात, आणि गाडीचा साधा विमा बरेचदा फक्त सुट्टीतल्या वापरापुरता असतो, आम्ही त्यातच राहणार हे विमा कंपनीला आधी सांगावं लागतं.

शेवटी त्यांनी घर विकलं, हो, विकलंच. पण भाड्याच्या गाडीत राहून आल्यावर, आणि एक छोटी जागा घेता येईल एवढे पैसे बाईंच्या नावावर वेगळे ठेवून, त्याला हात लावायचा नाही असं लिहून. गाडी मात्र त्यामुळे सेकंड हँड घ्यावी लागली, त्याबद्दल ते थोडे नाराज होते.

तुमच्याकडे घर बघायला गिऱ्हाईक यायला लागली असतील तर सही करायच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: एकजण आजारी पडला, एकजण कंटाळला, किंवा एकच मागे उरला तर दुसऱ्या दिवशी राहायचं कुठे. उत्तरं जुळत नसतील तर विक्री थोडी पुढे ढकला, आणि समुपदेशकाकडे जायचं झालं तर दोघं मिळून जा.