सोळा, सतरा आणि मधला पावसाळा

प्रिय बाय,

चवथीला माटोळी बांधताना तू विचारलंस, "काका, विमान चालवायला वय किती लागतं?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि मी "मागाहून सांगतो" म्हणून विषय बाजूला सारला. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

आधी आकडे सांगतो. आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाचा परवाना, म्हणजे एसपीएल, मिळायला १६ वर्षं पूर्ण लागतात. खासगी वैमानिकाच्या परवान्याला, पीपीएलला, १७ आणि व्यावसायिक परवान्याला १८. ही वयं अर्ज करण्याच्या दिवशी पूर्ण असावी लागतात. एसपीएल आणि पीपीएल या दोन्हींना दहावी पास पुरे. तू येत्या जूनमध्ये सोळाची होशील, तोवर दहावीचा निकालही हातात असेल. म्हणजे तुझं काहीच अडलेलं नाही, फक्त अजून दिवस आलेला नाही.

आता तू हळू आवाजात जे विचारलंस त्याबद्दल. जन्मतारीख थोडी मागे घेता येते, असं तुला कुणीतरी सांगितलंय. तसं करू नकोस, बाय. पकडली जाशील म्हणून सांगत नाही. या विद्येत सगळं एका वहीवर चालतं, तिला लॉगबुक म्हणतात. किती मिनिटं उडलीस, कुठे उतरलीस, एकटी होतीस की सोबत इन्स्ट्रक्टर होता, हे तू लिहायचं आणि त्यावर त्याने सही करायची. उद्या तुझ्या शेजारी बसणारा माणूस त्या वहीवर विश्वास ठेवून पट्टा बांधणार आहे. तिचं पहिलंच पान खोट्याने सुरू झालं तर पुढच्या पानांना काय अर्थ राहिला?

त्यापेक्षा आत्ताच एक काम कर. तुझा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड टेबलावर शेजारीशेजारी ठेव आणि नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर लावून बघ. आपल्या गोव्यात हे फार महत्त्वाचं. माझी जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली. तिच्यात आडनावाचा शेवट क्यू-यू-ईने होतो आणि शाळेने तेच साध्या के-ने लिहिलं होतं. कारकुनाच्या लेखणीचा तेवढाच फरक. त्यापायी अर्ज परत आला आणि कागद सरळ होईपर्यंत उडण्याचा अख्खा हंगाम निघून गेला. मी तेव्हा मुंबईत होतो. रोज धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचो. ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत. चूक असेल तर ती दहावीच्या गुणपत्रिकेवर छापली जाण्याआधीच दुरुस्त करून घ्यायची असते, त्यामुळे शाळेत आत्ताच विचार.

दुसरं काम डोळ्यांचं. एसपीएल-पीपीएलसाठी दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. ती डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडेच करायची. तुला चष्मा आहे म्हणून घाबरू नकोस, चष्मा लावून नीट दिसत असेल तर अडचण येत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र ती गंभीर गोष्ट असते. ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे वाचायची ती चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे सहज होते. पैसे भरण्याआधी करून घे. पुढे एअरलाइनचा विचार असेल तर पहिल्या वर्गाची तपासणीही लवकर उरकून घे, आणि अकरावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नकोस.

तुझा वाढदिवस नेमका पावसाच्या तोंडावर येतो याचं तुला वाईट वाटतंय. मला उलट ते बरं वाटतं. जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की शिकाऊ विमानं बहुतेक वेळ हँगरमध्येच असतात. ते चार महिने अर्ज, तपासणी आणि एसपीएलच्या परीक्षेला दे: हवाई नियम, दिशानिर्धारण, हवामान, विमान आणि इंजिन. दसऱ्याच्या सुमारास आकाश मोकळं होईल तेव्हा तुझा परवाना खिशात असेल. चोर्ला घाट चढून गेलं की बेळगावचं सांबरा आहे, आणखी पुढे बारामती; दोन्हीकडे विमान चालवायला शिकवतात. तुझ्या आईवडिलांना घेऊन दोन्हीकडे एकदा जाऊन ये. तू अठराच्या आतली, त्यांच्या सहीशिवाय कुणी तुला घेणार नाही, आणि घेऊही नये.

पीपीएलसाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले २० तास एकटीने, आणि एकटीच्या त्या तासांत ५ तास लांब पल्ल्याचे. त्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरची, आणि वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर पूर्ण थांबून उतरायचं. हा कमीत कमी आकडा आहे. ४० तासांत फार थोड्यांचं होतं, त्यामुळे खर्चाचा हिशेब त्याहून जास्त धरून कर. पीपीएल मिळाल्यावर तू माणसं सोबत नेऊ शकतेस, पण त्यांच्याकडून पैसे घेऊ शकत नाहीस. शिकाऊ परवान्यावर तर कुणालाच नेता येत नाही, अगदी आईलाही नाही.

आणि सतरा म्हणजे लहान वय, असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना अ‍ॅस्पी इंजिनिअरची गोष्ट सांग. भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस ठेवलं होतं. ते त्यांनी १९३० साली जिंकलं तेव्हा त्यांचं वय १७ होतं. त्याच शर्यतीत जेआरडी टाटा उलट दिशेने निघाले होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते आणि जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्यांना देऊन टाकले. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा तेच अ‍ॅस्पी इंजिनिअर हवाई दलप्रमुख होते. आपल्या गोव्याच्या मुक्तीच्या गोष्टीत तो सतरा वर्षांचा मुलगाही आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि जेआरडी? १९२९ मध्ये परवाना घेतलेल्या या माणसाने १९८२ मध्ये, ७८व्या वर्षी, कराची ते मुंबई उड्डाण स्वतः पुन्हा केलं. वरच्या बाजूला वयाची मर्यादा पीपीएलला नाही, शरीराने साथ द्यावी एवढंच.

मग सोळाची अट कशाला, असं तू विचारशील. माझ्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या, दिवशी मला ते कळलं. पुष्पक नावाचं कापडी पंखांचं विमान होतं. तीन फेऱ्या झाल्यावर इन्स्ट्रक्टर धावपट्टीशेजारी उतरले. आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून त्यांनी तो नीट बांधला, काचेवर दोनदा थाप मारली आणि पाठ न वळवता मागे सरत गेले. एका माणसाचं वजन कमी झालं की विमान अपेक्षेआधीच जमीन सोडतं. मी उजवीकडे पाहिलं, तिथे फक्त तो बांधलेला पट्टा. विचारायला कुणी नाही. खाली त्या माणसाने आपली सही माझ्या वयावर आणि माझ्या शब्दावर टाकलेली होती.

तोवर रोज सकाळी एक वही भर. दाबोळीचा हवामान अहवाल, मेटार, इंटरनेटवर मिळतो, दाबोळीचा संकेत व्हीओजीओ. त्यात 27010केटी असं दिसलं तर वारा पश्चिमेकडून, म्हणजे २७० अंशांवरून, आणि वेग १० नॉट, म्हणजे ताशी १० नॉटिकल मैल. ते उतरवून घे, मग गच्चीवर जाऊन मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं कुठल्या बाजूने येताहेत ते बघ आणि शेजारी लिही. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की पुन्हा एकदा बघ.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ये. ती वही आण, आणि जन्मदाखलाही. स्पेलिंग आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
काका