वाचक विचारतात : वारली चित्र, रानातला माल आणि आदिवासी चॅनेल

प्रश्न : मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर आणि मंगल कार्यालयाच्या दारालगतच्या भिंतीवर वारली चित्रं हवी आहेत. प्रेसवाला म्हणतो, डिझाइन तयार आहेत, नेटवरून उचलू. आम्हाला मात्र वारली चित्रकाराकडूनच करून घ्यायचं आहे. कसं करावं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : प्रेसला थोडं थांबवा, आधी चित्रकार ठरवा. वारली वस्ती मुख्यतः पालघर जिल्ह्यात, डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागात आहे. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचं गंजाडही डहाणू तालुक्यातलंच. तिथले बरेच चित्रकार आता इन्स्टाग्रामवर आपली कामं टाकतात. फोन केल्यावर सरळ विचारा: गाव कोणतं, चित्र कोण काढणार, पैसे कुणाच्या खात्यावर भरायचे? खातं मध्यस्थाचं निघालं तर चित्रकाराच्या हातात किती पडणार हेही विचारा. मध्यस्थ असणं गैर नाही. पॅकिंग, कुरिअर, हिशेब यांचं कष्टाचं काम तो करतो. पण जो आकडा सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी नुसता तो शिक्का पाहून हातातलं चित्र कुणी काढलं ते कळत नाही.

विषय चित्रकारावर सोपवा. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सुवासिनी लग्नचौक काढतात आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. तो पूजेचा भाग आहे. पत्रिका चार दिवसांनी रद्दीत जाते, म्हणून तिच्यावर चौकाचा हट्ट नको. तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच, वरात, भातलावणी यांतलं काय शोभेल ते चित्रकार सुचवतील.

आता भिंत. तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक यांचा पांढरा रंग घरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर चांगला टिकतो. कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मात्र तो आपल्याकडच्या एका पावसाळ्यात धुऊन जाईल, आणि ओल राहिली तर बुरशीही धरेल. तिथे बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रिलिक रंगच हवा. गिलावा नवा असेल तर किमान चार आठवडे सुकू द्या, नाहीतर आतले क्षार बाहेर फुटतात आणि गेरू रंगाचे पापुद्रे सुटतात. प्रायमर आणि गेरू रंगाचे दोन हात चित्रकार येण्याआधी स्थानिक रंगाऱ्याकडून मारून घ्या. भिंतीवर टेप धरून फोटो पाठवा. लांबी-उंची फुटांत कळवा, स्विचबोर्ड आणि पाइप कुठे आहेत तेही दाखवा.

दर चौरस फुटावर ठरवायचा आग्रह धरू नका. बोटभर उंचीच्या माणसांनी भरलेल्या दहा चौरस फुटांना वीतभर माणसांच्या तेवढ्याच जागेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि फुटाच्या दरात बारीक काम करणाराच मारला जातो. दिवसाचा किंवा पूर्ण कामाचा दर ठरवा. प्रवास, राहणं, जेवण वेगळं धरा. डहाणू रोडहून दादर आणि तिथून महालक्ष्मी एक्स्प्रेस, असा हा लांबचा प्रवास आहे; आरक्षण तुम्हीच काढून द्या. निम्मे पैसे आधी द्या, उरलेले काम संपेल त्याच दिवशी.

छपाईच्या हक्काकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. तयार चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क आपल्याला मिळत नाही. उलट, पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे काही न लिहिता तुम्ही नकळत चित्रकाराचा हक्क घेऊन बसाल. म्हणून एका कागदावर लिहा: कॉपीराइट चित्रकाराचाच राहील, आम्हाला फक्त या लग्नाच्या पत्रिकेच्या इतक्या प्रती छापायची परवानगी आहे. दोघांच्या सह्या घ्या. प्रेसलाही बजावा, ही फाइल दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरायची नाही. पत्रिकेच्या मागे चित्रकाराचं नाव आणि गाव छापा. फोन नंबर त्यांना विचारूनच.

२०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेच्या घाटाची पायताणं कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली गेली, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. वारली चित्राच्या बाबतीत ते नाव छापणं आपल्याच हातात आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या दुकानात आदिवासी गटांचा मध, मोहाचे लाडू, बांबूच्या टोपल्या ठेवायच्या आहेत. विक्री झाल्यावर पैसे दिले तर चालेल? (गडहिंग्लज)

उत्तर : शक्यतो नको. मोहाची फुलं साधारण मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि गट ती वेचणाऱ्यांना तेव्हाच रोख मोजतो. तुमच्याकडे माल सहा महिने पडून राहिला तर पुढच्या हंगामाचं भांडवलच अडकतं. थोडा माल घ्या, पण रोखीने घ्या. मध आणि लाडवांच्या लेबलवर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, गटाचं नाव, गाव आणि तालुका पाहा. थंडीत मध थिजला की गिऱ्हाईक साखर आहे म्हणत बरणी परत आणतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध पातळ होतो. गॅसवर तापवू नका. फेस आणि आंबूस वास आला तर मात्र मधात पाणी जास्त राहिलेलं असतं, ती बरणी परत करा. टोपलीखाली पिवळसर भुकटी दिसली तर बांबूला कीड लागली आहे. घेतानाच विचारा, बांबूवर प्रक्रिया केली होती का? पावसाळ्यात टोपल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी येते.

प्रश्न : आदिवासी मुलामुलींचे यूट्यूब चॅनेल आवडतात. फॉलो करण्यापलीकडे काय करता येईल? (शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थिनी)

उत्तर : व्हिडिओ डाउनलोड करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, लिंक पाठवा. फिरवलेल्या क्लिपचा एक मिनिटही चॅनेलच्या खात्यात धरला जात नाही. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर तर लागतातच, शिवाय १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, यांतलं एक लागतं. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत येत नाही, म्हणून लांब व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. रील आपल्या पानावर हवी असेल तर कोलॅबसाठी, म्हणजे दोघांच्या नावाने एकच पोस्ट करण्यासाठी, विचारा. खाली नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आणि कॉलेजच्या कार्यक्रमाला बोलावलंत तर मानधनाचा आकडा पहिल्याच फोनमध्ये सांगा, प्रवासखर्च वेगळा.