प्रॉडक्ट बॅकलॉगला ‘अनुशेष’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: सॉफ्टवेअर प्रकल्पावर नव्यानं रुजू होणाऱ्या मुलांसाठी स्क्रम पद्धतीची, म्हणजे काम छोट्या ठरावीक टप्प्यांत पुढे नेण्याच्या रीतीची, मराठी पुस्तिका तयार होते आहे. तिच्यात ‘प्रॉडक्ट बॅकलॉग’साठी ‘उत्पादन अनुशेष’ असं लिहिलं आहे. बॅकलॉग म्हणजे अनुशेष हे सगळ्यांनाच ठाऊक, तरी वाचताना खटकतं. ते का खटकतं, आणि दुसरं काय लिहावं?

तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. इथे अनुशेष लिहू नका. शब्द उत्तम आहे, पण मराठीत त्यानं आपलं घर केव्हाच केलं आहे, आणि ते घर वेगळं आहे.

अनुशेष म्हटलं की महाराष्ट्रात पहिल्यांदा काय आठवतं? विदर्भ, मराठवाडा, सिंचन, रस्ते. १९८३ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला आणि हा शब्द विधिमंडळातून वर्तमानपत्रांत, तिथून चहाच्या टपरीपर्यंत पोचला. समितीनं अनुशेष मोजला कसा, हे शब्दासाठी फार महत्त्वाचं आहे. एखाद्या सोयीची राज्याची सरासरी काढायची, आणि जिल्हा त्या सरासरीच्या जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. नोकरभरतीतला अनुशेषही तसाच: राखीव जागा इतक्या भरायला हव्या होत्या, इतक्याच भरल्या, उरल्या तो अनुशेष. दोन्हीकडे एक मोजपट्टी आहे. आत्तापर्यंत एवढं व्हायला हवं होतं, ते झालेलं नाही. अनुशेष हे देणं आहे, आणि ते कुणाच्या तरी अंगावर आहे.

प्रॉडक्ट बॅकलॉगला अशी मोजपट्टीच नसते. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या ‘स्क्रम गाइड’ची २०२० ची आवृत्ती आहे, तिच्यातली व्याख्या आपल्या शब्दांत सांगायची तर, प्रॉडक्ट आणखी चांगलं होण्यासाठी काय काय लागेल त्याची ही क्रम लावलेली, हळूहळू उलगडत जाणारी यादी. त्यातली काही कामं उद्या होतील, काही दोन वर्षांनी, काही कधीच होणार नाहीत आणि न झाल्याचं कुणाला वाईटही वाटणार नाही. थकलेलं असं त्यात काही नाही.

शब्दाबद्दल शंका आली की मी त्याच्या शेजारची क्रियापदं बघतो. अनुशेष राहतो, वाढतो, साचतो; आपण तो भरून काढतो किंवा दूर करतो. आता ऑफिसात कान द्या: ‘हे बॅकलॉगमध्ये टाक’, ‘बॅकलॉगमधून ते वरचं उचल’, ‘बॅकलॉगमध्ये खाली सरकव’. टाकणं, उचलणं, सरकवणं ही यादीची, फडताळाची क्रियापदं आहेत. अनुशेषात कुणी काही ‘टाकत’ नाही. क्रियापदं जुळत नसतील तर दोन शब्दांचा अर्थ एक नाही, असं मी धरून चालतो.

हा फरक काही वर्षांपूर्वी मला एका पतसंस्थेच्या कामात चांगलाच कळला. आढावा बैठकीत आम्ही कामाचा बोर्ड पडद्यावर लावला होता आणि रकान्यांची नावं हौसेनं मराठी केली होती: अनुशेष, चालू, तपासणी, पूर्ण. अनुशेषाखाली ६२ कार्डं. संस्थेचे व्यवस्थापक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बासष्ट कामं थकलीत तुमची? मग बिल कशाचं पाठवलंत?” त्या बासष्टांत सभासदाला मोबाइलवर पासबुक दिसावं, हप्त्याच्या आदल्या दिवशी मेसेज जावा, अशा त्यांच्याच माणसांच्या सूचना होत्या, बऱ्याचशा त्याच महिन्यातल्या. ठरल्या तारखेच्या मागे पडलेलं एकही काम नव्हतं. खुलासा करण्यात वीस मिनिटं गेली. व्यवस्थापकसाहेबांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी मराठी शब्द मराठीसारखा वाचला. संध्याकाळी रकान्याचं नाव आम्ही ‘पुढची कामं’ केलं, आणि तो प्रश्न पुन्हा आला नाही.

‘उत्पादन’ या अर्ध्या भागानं तर घोटाळा वाढतो. मराठीत उत्पादन म्हणजे तयार झालेली वस्तूही आणि ती तयार करण्याची क्रियाही. उसाचं उत्पादन घटलं, कारखान्याचं उत्पादन थांबलं. ‘उत्पादन अनुशेष’ वाचणाऱ्याला कारखान्यानं ठरलेला माल काढला नाही असंच वाटणार. ‘प्रॉडक्ट’ राहू द्या. तुमच्या वाचकांना तो रोजचा शब्द आहे.

मग बॅकलॉग तसाच ठेवावा का? ठेवायला हरकत नाही, पण तुमचे वाचक कोण आहेत ते बघा. नुकतीच इंजिनिअरिंगमधून बाहेर पडलेली मुलं. ‘माझे दोन बॅकलॉग आहेत’ याचा त्यांच्या तोंडी अर्थ दोन विषय राहिलेत, केटी लागलीय. चार वर्षं ज्या शब्दाची धास्ती घेतली तोच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समोर येतो. तेव्हा शब्द ठेवलात तरी त्याच्याबरोबर दोन ओळी हव्यातच.

त्या दोन ओळींत शब्दाचं मूळ सांगता आलं तर फार बरं. यातला लॉग म्हणजे नोंदवही नव्हे, लाकडाचा ओंडका. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत बॅकलॉग म्हणजे शेकोटीच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवलेला मोठा ओंडका. पुढची लाकडं भराभर जळायची, हा मागे धुमसत राहायचा आणि विस्तव टिकवायचा. त्यावरून राखून ठेवलेला साठा हा अर्थ आला, मग हातात असलेल्या ऑर्डरी, आणि मग तुंबलेलं काम. आजही जहाजबांधणीच्या कंपनीचा ऑर्डरींचा बॅकलॉग मोठा आहे असं म्हणतात तेव्हा कंपनीची काही वर्षांची ददात मिटली असा त्याचा अर्थ असतो. म्हणजे इंग्रजीत शब्दाला दोन अंगं आहेत, शिल्लक आणि थकबाकी. मराठीत आपण त्यातलं थकबाकीचं तेवढं अंग अनुशेषात आणलं. स्क्रमचा बॅकलॉग शिल्लकीच्या बाजूचा, पुढच्या जळणाची सोय म्हणावी असा.

आता पर्याय. लिहिताना ‘कामयादी’ मला सगळ्यात सरळ वाटतो. कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि ‘कामयादीत टाक’, ‘कामयादीतून उचल’ ही वाक्यं जिभेवर अडत नाहीत. फक्त ही यादी क्रमानं लावलेली असते, हे त्यातून सुचत नाही, आणि स्क्रममध्ये क्रम हेच तर सगळ्यात मोलाचं.

क्रम समजावताना मी उतरंड डोळ्यांसमोर आणायला सांगतो. जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची: तळाला मोठा रांजण, वर चढत जावं तशी मडकी लहान, अगदी वर हाताएवढं गाडगं. हात आधी वरच्याला लागतो. बॅकलॉगही असाच रचतात. अगदी वरची कामं लहान, स्पष्ट, एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक छोट्या टप्प्यात, मावतील अशी. खालची मोठी, अजून तोंड न उघडलेली. तळाचं मोठं काम वर आणायचं तर आधी त्याची लहान मडकी करावी लागतात. यापेक्षा नेमकं चित्र मला इंग्रजीतही सापडलेलं नाही. तरी शब्द म्हणून उतरंड वापरू नका, कारण आज उतरंड म्हटलं की जातींची, पदांची उतरंड डोळ्यांपुढे येते. चित्रापुरती घ्या.

जाता जाता, तुमच्या पुस्तिकेत ‘बॅकलॉग रिफाइनमेंट’साठी, म्हणजे यादीतली मोठी कामं फोडून लहान आणि स्पष्ट करण्यासाठी, ‘अनुशेष परिष्करण’ आहे. तिथे ‘कामं निवडणं’ लिहून बघा. तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, तसं: खडे काढायचे, जुड्या सोडवायच्या, शिजवायला घ्यायच्या आधीची तयारी. निवडणं म्हणजे पसंत करणं हाही अर्थ आहेच, म्हणून पहिल्यांदा ‘निवडणं-टिपणं’ असं जोडून लिहा.

आणि अनुशेष हा शब्द हवाच असेल तर त्याचीही जागा या क्षेत्रात आहे. स्प्रिंटमध्ये घेतलेलं आणि न झालेलं काम ही मागची बाकी. घाईत जोडून दिलेला कोड, न लिहिलेल्या चाचण्या, ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली दुरुस्ती यांना वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरनं १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली. त्यातूनच ‘टेक्निकल डेट’ (तांत्रिक कर्ज) हा शब्द आला. तिथे व्हायला हवं होतं ते खरोखर राहिलेलं असतं आणि वर व्याजही चढत असतं. चाचण्यांचा अनुशेष, दुरुस्त्यांचा अनुशेष म्हणा, शब्द चपखल बसेल.

तुमचं मूळ वाक्य होतं: ‘उत्पादन अनुशेषाचे परिष्करण ही निरंतर प्रक्रिया आहे.’ मी असं लिहीन: ‘प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे पुढच्या कामांची क्रमानं लावलेली यादी. या कामयादीतली कामं निवडणं-टिपणं सतत चालू असतं.’