वाचकांचे प्रश्न: पहिल्या निकालांवर गुलाल उधळायचा का?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी (मतपेटीतून होणारं मतदान) आणि कॉकस (पक्षाने भरवलेल्या सभांतलं मतदान) यांच्या सुरुवातीच्या निकालांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : 10-12 टक्के मोजणीवर कुणी पुढे दिसला, तर तो कल धरायचा का? (वाचक, नाशिक)

नाही. आपल्याकडे फेरीनिहाय आकडे निवडणूक आयोग देतो. तिकडे असा एक देशव्यापी आयोगच नाही. मोजणी गावं आणि काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) करतात, किंवा कॉकस असेल तर खुद्द पक्ष. तुकड्या-तुकड्यांनी येणारे ते आकडे असोसिएटेड प्रेससारख्या संस्था गोळा करतात आणि विजेताही प्रथम त्याच जाहीर करतात. पडद्यावरचं ‘12 टक्के’ हे बऱ्याचदा एकूण किती मतं पडली असतील या अंदाजाचे 12 टक्के असतात. रात्रीतून तो अंदाज बदलला, की टक्केवारीही हलते.

शितावरून भाताची परीक्षा इथे फसते, कारण हा भात एका पातेल्यातला नसतो. न्यू हॅम्पशायरच्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीत मध्यरात्री मतदान होऊन लगेच मोजणी होते. 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत तिथली सहाच्या सहा मतं निकी हेली यांना मिळाली, आणि राज्यात ट्रम्प सुमारे 54 विरुद्ध 43 टक्क्यांनी जिंकले. म्हणून आधी पाहायचं ते कोण पुढे आहे हे नाही, तर कुठली गावं मोजून झाली आणि मँचेस्टर, नॅशुआसारखी मोठी शहरं किती बाकी आहेत. टपाली मतं कधी धरली जातात तेही राज्यागणिक बदलतं.

अटीतटीची लढत असेल तर अधिकृत प्रमाणपत्र निघेपर्यंत थांबावं. 2012 च्या आयोवा कॉकसमध्ये रिपब्लिकन पक्षाने 3 जानेवारीच्या रात्री मिट रॉम्नी 8 मतांनी पुढे असल्याचं सांगितलं. दोन आठवड्यांनी प्रमाणित आकडे आले तेव्हा रिक सँटोरम 34 मतांनी पुढे निघाले, आणि 8 केंद्रांचे कागद तर सापडलेच नाहीत. मधल्या काळात न्यू हॅम्पशायरचं मतदान होऊन गेलं होतं, त्यामुळे विजयाचा जो फायदा सँटोरम यांना मिळायला हवा होता तो हातातून गेला.

प्रश्न : 2020 मध्ये न्यू हॅम्पशायरला सँडर्स पहिले आले, तरी बुटीजेज यांना तेवढेच डेलिगेट कसे? (वाचक, कोल्हापूर)

डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्क्यांचा उंबरठा असतो. तो ओलांडणाऱ्यांतच डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, वाटले जातात. त्या वेळी सँडर्स 25.6, बुटीजेज 24.3 आणि क्लोबुचार 19.7 टक्के असे तिघेच वर राहिले. वॉरन यांना 9 आणि बायडन यांना 8 टक्क्यांच्या आसपास मतं होती, पण डेलिगेट शून्य.

आता वाटप. राज्याचे 24 डेलिगेट एका ढिगात नव्हते. दोन मतदारसंघांना प्रत्येकी 8 होते आणि उरलेले 8 राज्यपातळीवर, तेही 5 आणि 3 अशा दोन गटांत. तिघांची बेरीज 69.6. राज्याची टक्केवारी धरून 8 जागा वाटून पाहा: सँडर्स 2.94, बुटीजेज 2.79, क्लोबुचार 2.26. पूर्णांक प्रत्येकी 2, म्हणजे सहा संपले. उरलेल्या दोन जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणून 3, 3 आणि 2. दोन्ही मतदारसंघांत हेच घडलं, राज्यपातळीवरचे दोन्ही गट मिळूनही 3, 3, 2 च आले आणि शेवटी 9, 9, 6 झाले. सुमारे 4 हजार मतांच्या आघाडीतून एकही जादा डेलिगेट निघाला नाही.

रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. 2016 मध्ये साउथ कॅरोलायनात राज्य जिंकणाऱ्याला 29 आणि सातांपैकी प्रत्येक मतदारसंघ जिंकणाऱ्याला 3 डेलिगेट होते. ट्रम्प यांना मतं साडेबत्तीस टक्के मिळाली, डेलिगेट मात्र पन्नासच्या पन्नास. त्यामुळे निकाल उघडण्याआधी त्या राज्याचा वाटपाचा नियम वाचावा. त्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

प्रश्न : बायडन सुरुवातीला हरूनही उमेदवार झाले. मग पहिल्या राज्यांचं एवढं कौतुक कशाला? (वाचक, पणजी)

डेलिगेटच्या हिशेबाने कौतुक फुकाचंच आहे. 2020 मध्ये आयोवाचे 41 आणि न्यू हॅम्पशायरचे 24 मिळून 65 होतात, आणि मतदानातून ठरणारे एकूण 3,979 होते. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. पण ही दोन्ही राज्यं बहुतांशी गोऱ्या मतदारांची, तर पक्षाचा मोठा आधार असलेले कृष्णवर्णीय मतदार साउथ कॅरोलायनात होते. 29 फेब्रुवारीला ते राज्य त्यांनी जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकलं आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी मतदान होतं त्या मंगळवारी, 14 पैकी 10 राज्यं.

पहिल्या निकालांचं खरं काम चाळणीचं आहे. पैसा आटतो, कार्यकर्ते पांगतात, उमेदवार गळतात. 2024 मध्ये आयोवात दुसरे येऊनही रिपब्लिकन पक्षाचे डिसँटिस सहा दिवसांत बाहेर पडले. याची झळ आगाऊ मत देणाऱ्याला बसते. 2020 च्या सुपर ट्यूसडेच्या तोंडावर बुटीजेज आणि क्लोबुचार थांबले, तेव्हा त्यांच्या नावावर आधीच टपालाने गेलेली मतं बहुतेक ठिकाणी परत फिरवता आली नाहीत. मैदानात गर्दी असेल आणि टपाली मतपत्रिका घरी येऊन पडली असेल, तर मुदत सांभाळून ती शेवटच्या काही दिवसांत द्यावी, हे आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याला प्रायमरीत मत देता येईल? (वाचक, ठाणे)

तो अमेरिकी नागरिक असेल तरच. ग्रीन कार्ड चालत नाही. नागरिक असेल तर मतदारनोंदणीत पक्षाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी पाहायला सांगा. रकाना कोरा असेल तर न्यू जर्सीत मतदान केंद्रावरही पक्ष निवडता येतो. दुसऱ्या पक्षाचं नाव असेल तर बदलाचा अर्ज प्रायमरीच्या 55 दिवस आधी गेला पाहिजे. तिथली प्रायमरी जूनमध्ये असते, म्हणजे हा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच करायचा.