नवे हेडलाइट बसवल्यापासून समोरचे सारखे डिपर मारतात, जास्त वॅटचे बल्ब टाकू का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या अल्टोला बाजारातले नवे हेडलाइट बसवले, तेव्हापासून समोरून येणारे सारखे डिपर मारतात आणि तुम्हाला मात्र रस्ता आधीपेक्षा कमी दिसतो. आता 100/90 वॅटचे बल्ब टाकावेत की एलईडी, हा तुमचा प्रश्न. माझं ऐकाल तर तूर्त दोन्ही घेऊ नका. उजेड आहे तेवढा पुरे आहे, पण तो झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत चाललाय. फोकस लावून घ्या, म्हणजे झोताची दिशा नीट करून घ्या.

माझ्याबाबत हेच झालं होतं. मी कराडचा, चिपळूणला नेहमी जाणं-येणं. डावा हेडलाइट फुटला म्हणून जोडीच बदलली. दुकानातल्या मुलाने अर्ध्या तासात फिटिंग केलं, दोन्ही दिवे लागतात एवढं बघितलं आणि गाडी दिली. त्या रात्री कुंभार्ली घाटात डावा झोत दरडीवरच्या झुडपांवर आणि उजवा समोरच्याच्या तोंडावर. घाट चढून आलो, पाटण मागे टाकलं, आणि कडेला उसाची ट्रॉली उभी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो तेव्हा चार हातांवर गाडी थांबली. मागच्या सीटवर आई झोपली होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही, आधी फोकस लावला.

स्क्रूला हात लावण्याआधी दिवाच बरोबर आहे का ते बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताच्या, प्रकाशाची वरची कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे तिरकी वर चढते. त्या चढत्या भागातच कडेची ट्रॉली, सायकलवाला, पायी चाललेला माणूस दिसतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा आला असेल तर हे उलटं होतं आणि चढता भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. असा दिवा कितीही फिरवलात तरी सुधारत नाही, परतच करा. काचेवर वर्तुळात ई अक्षर असेल तर तिथेच बाणही शोधा. गाडीसमोर उभं राहून पाहिलं की बाण तुमच्या उजव्या हाताला दाखवत असेल, तर तो दिवा डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्हीकडे टोकं असलेला बाणही चालतो. मात्र त्यात बल्बची किंवा आतल्या भागाची जागा बदलावी लागू शकते, तेवढं विचारून घ्या.

आता भिंत. सपाट जागा हवी, चाकांत हवा बरोबर हवी आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं. डॅशबोर्डवर दिवे वरखाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला भिडवा आणि दोन्ही दिव्यांच्या बरोबर मध्यासमोर खडूने फुल्या मारा. मग टेपने मोजून सरळ 5 मीटर मागे घ्या. डिपरचा झोत लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून दुसरा बघायचा (काचेवर कापड टाकून ठेवू नका, हॅलोजन फार तापतो). प्रकाशाची सपाट कड फुलीच्या 5 सेंटिमीटर खाली यायला हवी आणि ती जिथून वर चढायला लागते तो कोपरा फुलीच्या सरळ खाली. दिव्याचा एक स्क्रू झोत वरखाली करतो, दुसरा डावीउजवीकडे. अर्धा-अर्धा फेरा देत चला.

5 सेंटिमीटरला एवढं महत्त्व का, तर 5 मीटरला 5 सेंटिमीटर म्हणजे एक टक्का उतार. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर असेल तर प्रकाश 65 मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी 60 च्या वेगाला हे जेमतेम चार सेकंदांचं अंतर आहे. हीच कड फुलीच्या 5 सेंटिमीटर वर गेली तर 45 मीटरवर प्रकाश 110 सेंटिमीटर उंचीवर असतो, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या नेमका डोळ्यांत. लोक डिपर मारतात ते यामुळेच.

भिंतीवर स्पष्ट कड दिसतच नसेल, नुसता पांढरा फराटा असेल, तर बल्ब काढून परत बसवा. एच-फोर बल्बच्या (अप्पर आणि डिपर एकातच असलेला बल्ब) पत्र्याला तीन कान असतात, ते तिन्ही खाचांत नीट बसून क्लिप लागायला हवी. बल्बच्या काचेला बोट लावू नका. स्वस्त फिटिंगमध्ये खाचाच सैल असतात, बल्ब हलतो आणि फोकस टिकत नाही. माझ्या पहिल्या जोडीत तेच निघालं. दुसरी घ्यावी लागली.

एलईडीला मी नाही म्हणतो, कारण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. एच-फोरमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी पत्र्याची वाटी असते, तिच्यामुळे ती कड तयार होते. हॅलोजन बल्बच्या जागी टाकलेल्या एलईडीत हे नेमकं जुळत नाही आणि प्रकाश सगळीकडे फुटतो. 100 वॅटचा बल्ब आठ अँपिअरच्या वर ओढतो, जुन्या गाडीचा होल्डर वितळतो. त्यापेक्षा दिवे लावून, इंजिन चालू ठेवून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजून घ्या. बॅटरीपेक्षा दहा टक्के कमी भरलं तर उजेड साधारण 30 टक्के घटतो. अर्थिंग घासून साफ करा, रिले टाकून घ्या. मूळचा 60/55 वॅटचाच बल्ब नवा वाटेल.

मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर नाक वर उठतं. डॅशबोर्डवर ते दिवे वरखाली करायचं चाक असेल तर दिवे एक-दोन घर खाली करा, नसेल तर तसाच भार भरून एकदा भिंतीवर बघून ठेवा.