आधी जखमांच्या नोंदी वाच

युद्धाचे कायदे शिकायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. कलमं पाठ करत बसू नकोस. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा ओटावा करार घे आणि तो कुठून आला याचा माग काढ.

सह्या सरकारांच्या आहेत, पण सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाली. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे डॉक्टर अफगाणिस्तान-कंबोडियातल्या जखमींचे पाय कापत होते आणि त्या जखमांच्या नोंदीही ठेवत होते. सरपणाला गेलेल्या बायका, गुरं राखणारी पोरं. युद्ध संपून वर्षं लोटली तरी सुरुंग त्यांची वाट पाहत होते. १९९२ मध्ये सहा संस्थांनी मिळून बंदीची मोहीम उभारली. नुसत्या कळवळ्याने मात्र सेनापती बधत नाहीत. ‘सुरुंगांशिवाय लढता येत नाही’ हा त्यांचा दावा. म्हणून १९९६ मध्ये समितीने लष्करी जाणकारांकडूनच जुन्या लढाया तपासून घेतल्या. निष्कर्ष निघाला की सुरुंगांचा लष्करी फायदा फारच मर्यादित, त्यामानाने माणसांचं नुकसान प्रचंड. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. समोरच्याच्या भाषेत उत्तर द्यायला तू लवकर शिक.

भारताने या करारावर सही केलेली नाही. त्याची कारणंही वाच. आणि २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया करारातून बाहेर पडले. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण त्यांची रशियाची भीती समजून न घेता त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस.