वरात अडवली, डोकं फोडलं, आणि आता म्हणतात केस मागे घ्या

खटाव तालुक्यातल्या एका भावाचा लांबलचक मेसेज आलाय. थोडक्यात असं, की चुलत भावाची वरात वस्तीतनं मारुतीच्या देवळाकडं निघाली तर वाटेत उसाची रिकामी ट्रॉली आडवी लावलेली. तुमची वरात इथनं जायची नाही म्हणून जातीवरनं शिव्या, मग दांडकी निघाली, धाकट्या भावाच्या डोक्यात ७ टाके. पोलिसांनी फिर्याद घेतली पण नुसती मारामारीची, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्यांनी यांच्याच पाच पोरांवर दरोडा आणि विनयभंगाची क्रॉस फिर्याद दिली. डेअरीत दूध घेईनात. आता गावातली जाणती मंडळी म्हणतायत दोघंबी मागं घ्या, रस्त्याचं नंतर बघू. काय करू?

दादा, पहिलं म्हणजे कुठल्याही स्टॅम्पपेपरवर सही करू नका. ॲट्रॉसिटीचा गुन्हा गावबैठकीत मिटत नसतो, तो तडजोडीचा गुन्हाच नाही, मिटवायला हायकोर्टातच जावं लागतं आणि तिथंही दबाव आहे का ते बघतात. आणि तुमच्या केसला तर ते कलम अजून लागलेलंच नाही, म्हणजे हातात न आलेली गोष्ट तुम्ही सोडून द्यायला निघालाय.

ते लावून घ्या. पुरवणी जबाब द्या, त्यात शिव्या ज्या शब्दात दिल्या त्याच शब्दात लिहा, लाजू नका, "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढ्यानं भागत नाही. ॲट्रॉसिटीच्या १९८९च्या कायद्यात दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून जी कलमं आली त्यात ३(१)(झेडए) आहे, त्यात रस्ता, वाट, मोटारसायकल, घोडा, वरात सगळं नाव घेऊन लिहिलंय. सोबत वहिवाटीची वाट नाकारल्याबद्दल ३(१)(वाय), शिव्यांसाठी (आर) आणि (एस), आणि टाक्यांसाठी ३(२)(व्हीए). "आधी चौकशी करू मग बघू" असं ठाण्यात म्हणाले तर कलम १८ए दाखवा, २०१८ पासून गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. नाहीच ऐकलं तर एसपींना लेखी, रजिस्टर पोस्टानं, पावती जपून. तपास डीवायएसपीकडं जातो, हवालदार घरी येऊन "मिटवून टाका" म्हणाला तर तेही तारखेसह लिहून ठेवा. तुमचा दाखला बौद्ध असला तरी काळजी नको, १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरतात.

आता खरी मेख. समोरचा वकील कोर्टात जात नाकारणार नाही, तो म्हणेल हा रस्त्याचा वाद आहे, जातीचा नाही, ट्रॉली पंक्चर होती. आणि सुप्रीम कोर्टाचा २०२०चा निकाल पुढं करेल की जमिनीचं भांडण आहे म्हणून लगेच ॲट्रॉसिटी होत नाही. मी समोरच्या बाजूनं असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणून कामाला लागा ते एकाच गोष्टीच्या, की रस्ता बाकी सगळ्यांना मोकळा होता आणि तुम्हालाच बंद. तुम्ही जो व्हिडिओ पाठवलाय त्यात आरडाओरड्याच्या मागं ३-४ सेकंद एक दूधवाला त्याच ट्रॉलीच्या कडेनं मोटारसायकल काढतोय आणि त्याला कुणी काही बोलत नाही, ते तुमच्या लक्षातच आलेलं दिसत नाही, माझ्या मते तुमची निम्मी केस तिथंच आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कोर्टात मूळ फोन आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं सर्टिफिकेट लागेल. आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्याच रस्त्यानं दुसऱ्यांच्या वराती गेल्याच असतील, आजकाल प्रत्येक लग्नाचं ड्रोन शूटिंग असतं, फोटोवाल्याकडनं मिळतंय का बघा.

रस्ता सार्वजनिक आहे हेही दाखवावं लागेल, नाहीतर म्हणतील आमच्या दारातली खाजगी वाट आहे. गाव नकाशाची नक्कल काढा, त्यात वाट दिसते का बघा. तुम्ही लिहिलंय की मधे दलित वस्ती सुधार योजनेतनं काँक्रीट झालं, मग ग्रामपंचायतीकडं माहिती अधिकारात त्या कामाचं बिल आणि मंजुरी मागा. सरकारी पैसा पडला की खाजगी म्हणायची सोय राहत नाही. ट्रॉली अजून तिथंच असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज टाका, हे फौजदारी केसची वाट न बघता करता येतं.

क्रॉस केसला घाबरू नका, अशा भांडणात ती येतेच. पाचही पोरांचा अटकपूर्व जामीन सेशन कोर्टात टाका, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२. पण "आम्ही हात उचललाच नाही" असं लिहू नका, व्हिडिओत तुमचा पोरगा दांडकं हिसकावून मारताना दिसतोय. स्वतःला आणि भावाला वाचवायचा हक्क कायद्यानं दिलाय, तो घ्या, खोट्यानं गेलात तर खरंही जातं. उलट ॲट्रॉसिटी लागली की समोरच्यांना त्या कायद्याच्या कलम १८ मुळं अटकपूर्व जामीन अवघड होतो, जाणती मंडळी एवढी घाईला का आलीत ते त्यात आलं. त्यांच्या जामिनाच्या वेळी तुम्हाला नोटीस आणि बोलायची संधी मिळते, कलम १५ए, त्या तारखेला घरी बसू नका.

तुमच्याच भागातली गोष्ट, १९०१ला बाबासाहेब लहान असताना साताऱ्याहनं वडलांकडं गोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर गाडीवान बसवून घेईनात. दुप्पट भाडं दिल्यावर एक तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूनं चालणार या अटीवर. तुमचा ट्रॉलीचा फोटो बघून तेच आठवलं.

डेअरीचं वेगळं आहे. बहिष्काराला ३(१)(झेडसी) आहे, शिवाय महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कार कायदा. दूध कधीपासून बंद झालं ते डेअरीच्या पासबुकात दिसेल, शेवटच्या नोंदीच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरचाही.